परदेशी शिक्षक : लखनौचा अनुभव आणि आजचे नियम

परदेशी विद्यापीठांना भारतात शाखा उघडण्याची मुभा देणारे नियम विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केले. त्यानंतर ब्रिटनच्या साउदॅम्प्टन विद्यापीठाने २०२५ मध्ये गुरुग्राम येथे अध्यापनास प्रारंभ केला. या निमित्ताने शुल्क, पदवीची मान्यता आणि निधी मायदेशी नेण्याची सवलत यांवर पुष्कळ चर्चा झाली. प्रत्यक्ष वर्गात उभ्या राहणाऱ्या परदेशी शिक्षकाचा विचार मात्र तिच्यात क्वचितच झाला. नियमांत त्याच्यासाठी एक अट आहे : त्याने भारतातील शाखेत किमान एक सत्र वास्तव्य करावे.

एका सत्रात परदेशी शिक्षकाला येथील विद्यार्थी कितपत उमगेल, हा प्रश्न नवा नाही. लखनौ शहराच्या शैक्षणिक इतिहासात त्याचे बरेचसे उत्तर सापडते.

अमेरिकेतील ओहायो राज्यात १८४० मध्ये जन्मलेल्या इझाबेला थोबर्न जानेवारी १८७० मध्ये मुंबई बंदरात उतरल्या. मेथॉडिस्ट पंथाच्या स्त्रियांनी १८६९ मध्ये बोस्टन येथे स्थापन केलेल्या मिशन संस्थेने त्यांना पाठविले होते. त्याच जहाजातून आलेल्या डॉ. क्लारा स्वेन बरेलीस गेल्या, तर थोबर्न लखनौस आल्या. १८५७ च्या उठावाला तेव्हा अवघी तेरा वर्षे झाली होती आणि रेसिडेन्सीचे भग्नावशेष शहराच्या नजरेसमोर होते. अशा शहरात, अमीनाबादच्या बाजारातील एका खोलीत, १८ एप्रिल १८७० रोजी सहा मुलींची शाळा भरली. दारावर काठी घेतलेला एक मुलगा पहारा देत असे. मुलींनी शिकणे ही गोष्ट आसपासच्या लोकांना किती खुपत होती, हे या पहाऱ्यावरून कळते.

प्रारंभी येणाऱ्या मुली बहुतांशी भारतीय ख्रिस्ती कुटुंबांतील होत्या. पडदा पाळणाऱ्या घरांतील मुलगी शाळेपर्यंत आणणे, हेच मुळात मोठे काम होते. पुढे शाळा लालबाग या नवाबी काळातील वास्तूत गेली, वसतिगृह सुरू झाले आणि १८८६ मध्ये महाविद्यालयीन वर्ग निघाले. शिक्षिका आणि विद्यार्थिनी एकाच आवारात राहत असल्यामुळे शाळा सुटली तरी शिक्षण सुटत नसे. १९०१ मध्ये लखनौमध्येच पटकीच्या विकाराने थोबर्न यांचे निधन झाले. मधल्या काळातील मायदेशीच्या रजा वगळल्या तरी त्यांचे नाते या शहराशी ३१ वर्षांचे होते.

या कार्यामागील हेतू धर्मप्रसाराचाही होता, हे नाकारण्याचे कारण नाही. महाराष्ट्राला हा पेच परिचित आहे. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनावरून पुण्यात १८९३ च्या सुमारास उसळलेला वाद याच मुद्द्यावर होता. त्याच्या कितीतरी आधी, १८२७ मध्ये, सिंथिया फरार ही अमेरिकन शिक्षिका मुंबईस आली आणि १८३९ पासून १८६२ मध्ये मृत्यू येईपर्यंत अहमदनगरला राहिली. तिच्या मुलींच्या शाळा पाहून आपल्याला शाळा काढावीशी वाटली, असे जोतीराव फुले यांनी नमूद केले आहे. जोतीरावांनी शाळेची कल्पना घेतली, धर्म घेतला नाही. शिकविणाऱ्याच्या हेतूपलीकडे जाण्याची ही क्षमता शिकणाऱ्यात असते, ही बाब परदेशी शिक्षकांविषयीच्या वादात दोन्ही बाजू विसरतात.

लखनौतही तसेच घडले. थोबर्न यांचे नाव धारण करणाऱ्या महाविद्यालयातून पुढे रशीद जहाँ, इस्मत चुगताई आणि कुर्रतुलऐन हैदर या उर्दू लेखिका शिकून गेल्या. त्यांच्या लेखनात मिशनच्या शिकवणुकीचा प्रतिध्वनी शोधणे व्यर्थ होय.

अधिक अवघड प्रश्न निराळा आहे. परदेशी शिक्षक आपली जागा विद्यार्थ्याला केव्हा देतो? थोबर्न यांची विद्यार्थिनी लीलावती सिंग याच संस्थेत इंग्रजी साहित्य शिकवू लागली. १९०० मध्ये न्यूयॉर्क येथील मिशनरी परिषदेत तिने केलेल्या भाषणाची अमेरिकेचे माजी अध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी जाहीर प्रशंसा केली. तथापि महाविद्यालयाच्या प्राचार्यपदी पहिली भारतीय स्त्री, कॉन्स्टन्स प्रेमनाथ दास, आली ती १९३९ मध्ये. अमेरिकन श्रोत्यांसमोर जिचा गौरव झाला, तिच्यासारखीच्या हाती संस्था सोपविण्यास आणखी चार दशके लागावीत, हे संस्थेच्या थोरवीशी विसंगत वाटते.

लखनौला परके शिक्षक सातासमुद्रापलीकडूनच आले असे नाही. कैसरबागेत १९२६ मध्ये पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने मॅरिस संगीत महाविद्यालय उभे राहिले आणि पं. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी त्याची धुरा दीर्घकाळ सांभाळली. अवधच्या घराणेदार वातावरणात मुंबईकडचा शिक्षकही परकाच होता. पण तो एका सत्रासाठी आला नव्हता.

आजच्या नियमांचा रोख वेगळा आहे. परदेशी नागरिकास नोकरीचा व्हिसा देताना गृह मंत्रालयाने वार्षिक १६.२५ लाख रुपयांहून अधिक वेतनाची अट घातली. केंद्रीय उच्च शिक्षण संस्थांतील अध्यापकांसाठी ती मर्यादा २०१७ मध्ये ९.१० लाखांवर आणण्यात आली. भाषाशिक्षकांना सूट मिळाली, मात्र इंग्रजीच्या शिक्षकांना त्यातून वगळण्यात आले. भारतीयांच्या नोकऱ्यांवर गदा येऊ नये, हा त्यामागचा विचार समर्थनीय आहे. परिणाम असा की जिल्ह्याच्या गावातील सामान्य शाळेला परदेशी शिक्षक नेमणे परवडण्याजोगे नाही. तो महानगरांतील महागड्या आंतरराष्ट्रीय शाळांतच दिसतो.

अन्य देशांनी निराळे मार्ग अवलंबिले. जपानने १९८७ पासून शासकीय योजनेद्वारे इंग्रजी भाषक तरुणांना गावोगावच्या शाळांत साहाय्यक शिक्षक म्हणून पाठविले. चीनमध्ये लहान शहरांतही परदेशी शिक्षक पोहोचले होते. पण जुलै २०२१ मध्ये तेथील सरकारने खासगी शिकवण्यांवर निर्बंध आणताना परदेशात बसून शिकविणाऱ्यांच्या नेमणुकीवरही बंदी घातली.

आयोगाच्या २०२३ च्या नियमांनी परदेशी संस्थांना अध्यापकांची पात्रता, वेतन आणि सेवाशर्ती ठरविण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. त्यांच्या जागी भारतीय अध्यापक किती वर्षांत तयार व्हावेत, याची मुदत मात्र घातलेली नाही. पहिल्या शाखांतील पहिले विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडतील, तेव्हा त्यांतील किती जणांना त्याच वर्गात शिकविण्याची संधी मिळते, यावर आयोगाला लक्ष ठेवता येईल.