एंजल टॅक्स गेला, पण परभणीच्या पोराला एंजल भेटणार कुठे?

जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात एंजल टॅक्स रद्द झाला. २०१२ पासून नव्या कंपन्यांच्या मानगुटीवर बसलेला हा कर गेला म्हणून मुंबई-बंगळुरूत आनंद झाला. परभणी, जिंतूर, पाथरीत मात्र त्याची चर्चासुद्धा नाही. होणार तरी कशी? जिथे एंजल गुंतवणूकदारच पोहोचला नाही, तिथे त्याच्या पैशावरच्या कराचं काय सुखदुःख!

एंजल गुंतवणूकदार म्हणजे स्वतःच्या खिशातला पैसा नव्या कंपनीत टाकून हिस्सा घेणारा माणूस. हप्ता नाही, तारण नाही. धंदा बुडाला तर त्याचाही पैसा बुडतो. म्हणूनच तो अनोळखी गावातल्या अनोळखी पोरावर पैसा लावत नाही. मधलं काम इनक्युबेटर करतं. जागा देतं, सल्ला देतं, हिशेब आणि कंपनीची कागदपत्रं नीट करून घेतं, आणि तेवढ्या काळात पोरगा शब्दाला पक्का आहे की नाही तेही कळतं. मराठवाड्यात 'सीएमआयए' या उद्योजकांच्या संघटनेने उभं केलेलं 'मॅजिक' छत्रपती संभाजीनगरात आहे. परभणीहून जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडतो.

केंद्राने २०२१ मध्ये चार वर्षांसाठी ९४५ कोटींची सीड फंड योजना आणली, तीही इनक्युबेटरमार्फतच. नमुना तयार करायला, चाचणी घ्यायला २० लाखांपर्यंत अनुदान आणि पुढे बाजारात उतरायला ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा रोखे, अशी तिची रचना. म्हणजे इनक्युबेटरचा दरवाजा ज्याला सापडला नाही, त्याच्यासाठी ही योजना कागदावरच राहिली.

आपल्या समाजासाठी हा विषय आणखी जवळचा आहे. परभणी हा केंद्राने अल्पसंख्याकबहुल म्हणून निवडलेल्या ९० जिल्ह्यांपैकी एक. बँका मुस्लिम वस्त्यांना कर्ज देताना हात आखडतात, हे सच्चर समितीने २००६ मध्येच लिहून ठेवलंय. त्यात व्याज नको म्हणून अनेकजण बँकेची पायरीच चढत नाहीत. हिश्शाचा पैसा मात्र नफ्या-तोट्यात सारखा उभा राहतो. हजरत खदीजा (रजि.) यांचं भांडवल आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांची मेहनत, असा शामचा व्यापार आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. मुदारबत म्हणतात ती हीच.

पण 'हलाल' शब्द ऐकून डोळे झाकायचे नाहीत. २०१९ मध्ये बंगळुरूची आयएमए कोसळली तेव्हा हजारो मुस्लिम कुटुंबांची पुंजी गेली. दरमहा ठरलेला परतावा देतो म्हणणारा एंजल व्यवहार करत नसतो, हे पक्कं ध्यानात ठेवा. कंपनीचे शेअर खासगीत विकायचे तर वर्षाला २०० जणांपर्यंतच विचारता येतं. मोहल्ल्यात चिठ्ठ्या वाटून पैसे गोळा करता येत नाहीत. इथेच इनक्युबेटरचा खरा उपयोग आहे. पैसा देणारा आणि घेणारा यांच्यात कागद तपासणारा तिसरा माणूस बसतो.

आणि सगळ्यांनी एंजलच्या मागे धावायचंही कारण नाही. बेकरी, वेल्डिंगचं दुकान यांना हा पैसा मिळणार नाही, आणि तो त्यांच्या कामाचाही नाही. त्यांच्यासाठी पीएमईजीपी आहे. अल्पसंख्याकांना ग्रामीण भागात ३५ टक्के, शहरात २५ टक्के अनुदान. अर्थात ती बँकेच्या कर्जाला जोडलेली, म्हणजे व्याज आलंच. एंजलचा पैसा कापूस-सोयाबीनच्या यंत्रासाठी, बियाण्याच्या चाचणीसाठी, मोठ्या होऊ शकणाऱ्या कल्पनेसाठी. त्यालाही आधी कंपनी नोंदवावी लागते. आपली बहुतेक कामं अब्बांच्या किंवा भाईजानच्या एकट्याच्या नावावर चालतात, अडतं ते इथेच.

परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. शेतं, प्रयोगशाळा, शिकलेली पोरं, सगळं आहे. गावातला आणि आखातातून येणारा पैसा मात्र प्लॉटमध्ये जातो. संभाजीनगरच्या इनक्युबेटरने महिन्यातून दोन दिवस विद्यापीठात बसावं आणि त्या दिवशी जिल्ह्यातल्या पैसेवाल्यांनीही समोर बसावं, एवढी मागणी आमदार-खासदारांकडे आपण आजच करू शकतो.