गिबनने लिहिले नाही ते

एडवर्ड गिबनला जग ओळखते ते रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहासकार म्हणून. त्याची पत्रे उघडली की मात्र रोम बाजूला राहते आणि समोर येतात गहाणखते, व्याज, सावत्र आईचे वर्षासन, विकायला काढलेली पण न विकली जाणारी जमीन आणि पायाचा ठणका. अठराव्या शतकातल्या एका इंग्रज जमीनदाराचा संसार त्यात उघडा पडला आहे. माणूस म्हणून गिबन मला आवडू लागला तो या पत्रांमुळे.

पैशाची चिंता त्याच्या घरात आजोबांपासूनची. आजोबा साउथ सी कंपनीचे एक संचालक. 1720 मध्ये कंपनीचा फुगा फुटला आणि पार्लमेंटने संचालकांची मालमत्ता जप्त केली. एक लाखाहून अधिक पौंडांपैकी आजोबांच्या हाती 10 हजार राहिले. त्यांनी पुन्हा जम बसवला. पण मुलाला, म्हणजे गिबनच्या वडिलांना, खर्चाला आवर घालणे कधी जमले नाही. 1770 मध्ये वडील वारले, तेव्हा गिबनच्या वाट्याला कर्जात अडकलेली जमीन आली. बकिंगहॅमशरमधली लेनबरोची मिळकत विकून मोकळे व्हावे, ही धडपड मग वर्षानुवर्षे चालली. गिऱ्हाईक यायचे, व्यवहार फिसकटायचा. हे सारे त्याने मित्राला, जॉन होलरॉइडला, पत्रांतून कळवले. हाच पुढे लॉर्ड शेफील्ड झाला. किती येणे, किती देणे, कुठे तोंडघशी पडलो, यातले काहीही गिबनने त्याच्यापासून लपवले नाही. सरकारी व्यापार मंडळावरची त्याची पगारी जागा 1782 मध्ये मंडळासकट रद्द झाली. लंडनचा खर्च झेपेना, म्हणून दुसऱ्याच वर्षी तो स्वित्झर्लंडमधल्या लोझानला राहायला गेला. इतिहासाचा शेवटचा खंड तिथेच, 27 जून 1787 च्या रात्री पुरा झाला.

नात्यांच्या बाबतीतही तो मोकळा होता. वडिलांनी दुसरे लग्न केले ते तो परदेशी असताना, आणि त्या बाईंबद्दल त्याच्या मनात आधी अढी होती. पुढे ती पूर्ण गेली. वडिलांमागे बाथ शहरात राहणाऱ्या या डोरोथिया गिबनना तो अखेरपर्यंत मुलाच्या मायेने लिहीत राहिला. त्यांचे वर्षासन चुकू नये याची काळजी त्या पत्रांत आहे. गाऊट या सांध्यांच्या दुखण्याबद्दल तर तो सगळ्यांनाच लिहायचा. कोणत्या पायाला धरले, किती दिवस खुर्चीत काढले, सारे त्यात यायचे. गाऊट हे तेव्हा खात्यापित्या घरातल्या पुरुषांचे दुखणे मानले जाई. ते चारचौघांत सांगायला कोणाला संकोच नव्हता.

एक दुखणे मात्र अनेक वर्षे या पत्रांत नाही. तरुणपणीच, 1761 च्या सुमारास, गिबनच्या अंडकोशाला सूज आली होती. त्याने सीझर हॉकिन्स या नामवंत सर्जनला दाखवलेही. नक्की काय आहे ते ठरेना, म्हणून पुन्हा यायला सांगितले गेले. गिबन गेला नाही. त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ त्याने कोणापाशी, अगदी रोज कपडे घालून देणाऱ्या नोकरापाशीही, तो विषय काढला नाही. सूज वाढत गेली, कपड्यांतून सहज दिसू लागली. मित्रांना दिसत होती. तेही बोलले नाहीत.

एप्रिल 1793 मध्ये लेडी शेफील्ड वारल्या. मित्राला आधार द्यायचा म्हणून गिबन लोझानहून निघाला. फ्रान्सशी युद्ध पेटलेले, म्हणून जर्मनीतून वळसा घालून, दुखरे शरीर घेऊन तो इंग्लंडला पोहोचला. आणि त्याच नोव्हेंबरात शेफील्डला लिहिलेल्या एका पत्रात त्याने अखेर ती गोष्ट सांगितली. 14 नोव्हेंबरला सर्जनांनी सुई घालून सुमारे चार लिटर पाणी काढले. दहा दिवसांनी आणखी तीन लिटर. 13 जानेवारी 1794 ला तिसऱ्यांदा, जवळपास सहा लिटर. 16 जानेवारीला गिबन गेला. वय 56.

वेळेवर उपचार झाले असते तर तो नक्की वाचला असता, असे त्या काळच्या शस्त्रक्रियेकडे पाहता म्हणता येणार नाही. भूल नव्हती, जंतूंची माहिती नव्हती. पण सूज लहान असताना सर्जनकडे दुसऱ्यांदा न जाण्याचे कारण भीती नव्हती, लाज होती, असे माझे मत आहे. कर्जाची लाज त्याने ओलांडली, देहाची ओलांडली नाही. आणि मित्रांनीही सभ्यपणा म्हणून गप्प राहायचे ठरवले, हे मला त्याहून वाईट वाटते. ज्या शेफील्डने त्याच्या जमिनीचे कागद स्वतः सांभाळले, तोसुद्धा तीस वर्षांत हा एक प्रश्न विचारू शकला नाही.

हे अडीचशे वर्षांपूर्वीचे म्हणून सोडून देता येत नाही. पूर्व विदर्भात डासांतून पसरणाऱ्या हत्तीरोगामुळे आजही पुरुषांना अंडवृद्धी होते. गिबनचा आजार हत्तीरोगाचा नव्हता, पण लपवण्याची रीत तीच. माणूस सैल धोतर नाहीतर पायजमा घालून वर्षे काढतो, कामाला जाणे कमी करतो, मुलीच्या लग्नाचे कर्ज मित्राला सांगतो आणि हे सांगत नाही. आज यावरची शस्त्रक्रिया साधी आहे आणि सरकारी रुग्णालयात ती मोफत होते. घरात, शेजारी, कामाच्या ठिकाणी असा कोणी दिसला, तर नजर वळवू नका. त्याला बाजूला घेऊन विचारा, आणि दवाखान्यापर्यंत त्याच्यासोबत जा.