दाब कोठून मोजावा?

आमच्या वर्धा जिल्ह्यांत ट्रॅक्टर अथवा मालमोटार पोहोंचली नाहीं असें खेडें आज विरळाच. ह्या यंत्रांच्या दुरुस्तीवर कित्येक कुटुंबांचा चरितार्थ चालतो, व शाळेंतून बाहेर पडणारे कांहीं विद्यार्थीही त्याच धंद्यांत शिरतात. असें असतां दाबाचें गणित वर्गांत केवळ परीक्षेपुरतें शिकविलें जावें, हें आम्हांस उचित वाटत नाहीं.

चाकांत तीस पौंड हवा भरा, असें आपण सहज म्हणतों. ह्यांत दोन गोष्टी अध्याहृत असतात. पहिली ही कीं, पौंड म्हणजे दर चौरस इंचावरील पौंड; आणि दुसरी ही कीं, मोजणी बाहेरील हवेच्या दाबापासून केलेली आहे. टायर पंक्चर होऊन कांटा शून्यावर आला, तरी वातावरणाचा दाब आंत असतोच. समुद्रसपाटीस हा दाब १४.७ पौंड, म्हणजेच १.०१३ बार, अथवा दर चौरस सेंटिमीटरास १.०३३ किलोग्रॅम असतो. वर्धा शहर सुमारें २३४ मीटर उंचीवर असल्यामुळें येथें तो ०.९८५ बारच्या आसपास भरतो.

आतां टर्बो लावलेल्या एंजिनाचा मापक ०.८ बार दाखवीत आहे असें समजूं. एंजिनास नेहमींच्या किती पट दाबाची हवा मिळते? ०.८ पट म्हणावें, तर टर्बोनें दाब घटविला असा विपरीत अर्थ होईल! मापकावरील ०.८ मध्यें वातावरणाचे ०.९८५ मिळवावे; १.७८५ झाले. त्यांस ०.९८५ नें भागितलें म्हणजे १.८१ पट हें खरें उत्तर येतें. अर्थात् दाबलेली हवा तापत असल्यामुळें तिची घनता मात्र तितक्या पटीनें वाढत नाहीं.

आकुंचन-प्रमाणाविषयींही असाच घोटाळा होतो. पिस्टन १४४ घनसेंटिमीटर जागा आक्रमितो व त्याच्या माथ्यावर १६ उरतात. तर प्रमाण ९ नसून, १६० भागिलें १६, म्हणजे १० होय. हें प्रमाण आकारमानांचें आहे, दाबाचें नव्हे. तें १० असलें म्हणून मापकानें १० बारच दाखविले पाहिजेत असें नाहीं. हवा तापल्यानें दाब वाढतो, तर झडप उशिरां मिटल्यानें व गळतीनें तो घटतो. ह्यास्तव कारखान्यानें दिलेला आंकडा पाहावा, आणि सर्व सिलिंडरांची परस्परांशीं तुलना करावी. हें न जाणणारा कारागीर धडधाकट एंजिनही उघडावयास सांगेल, आणि भुर्दंड पडेल तो कर्ज काढून ट्रॅक्टर घेतलेल्या शेतकऱ्यास.

कोणी म्हणेल, ज्या सेवाग्रामीं १९३६ पासून महात्माजींनीं वास्तव्य केलें, त्याच्या शेजारीं यंत्रांचा हा पुरस्कार कशाला? परंतु हस्तोद्योगाच्या द्वारें शिक्षण द्यावें, हा विचार १९३७ च्या आक्टोबरांत वर्ध्यासच भरलेल्या शिक्षणपरिषदेंत मांडला गेला. सुताचा अंक काढतांनाही ८४० वारांची लडी व एक पौंड वजन हीं मापें गृहीत धरावीं लागतात. तीं विसरल्यास अंक निरर्थक ठरतो. चरखा काय, एंजिन काय, मापाचा नियम एकच. १९९९ सालीं अमेरिकेचें मंगळाकडे पाठविलेलें एक यान, एका पक्षानें पौंडांत व दुसऱ्यानें न्यूटनांत हिशेब धरल्यामुळेंच नष्ट झालें.

म्हणून आमची सूचना अशी कीं, प्रयोगशाळेंत एक दाबमापक, एक सायकलचा पंप व कापून उघडा केलेला एक जुना सिलिंडर असावा. विद्यार्थ्यांनीं स्वहस्तें मोजावें, आणि एककावांचून लिहिलेल्या उत्तरास पूर्ण गुण मिळूं नयेत. पवित्र शास्त्रांत खोट्या तराजूचा निषेध आहे. जाणूनबुजून फसविणाऱ्याचा तराजू तर खोटा असतोच. पण अज्ञानानें सांगितलेल्या आंकड्यानेंही गरिबाचें नुकसान तेवढेंच होतें. विद्यार्थिमित्रांनो, कोणताही आंकडा उच्चारण्यापूर्वीं त्याचें एकक कोणतें व त्याचें शून्य कोठें, एवढे दोन प्रश्न स्वतःस विचारण्याची संवय लावून घ्या.