गॅरेजला लागून असलेली खोली

नाशकांत गंगापूर रोड, कॉलेज रोड या बाजूंस गेल्या कांहीं दशकांत जे बंगले उठले, त्यांतील पुष्कळांत एक व्यवस्था ठरल्यासारखी दिसते. फाटकांतून आंत आलें कीं एका हातास गॅरेज, आणि त्याच्या भिंतीला लागून तळमजल्यावरची निजावयाची खोली. जिना चढणें नको म्हणून ही खोली बहुधा घरांतील वडील मंडळींस मिळते. हेतु चांगलाच, पण एप्रिल-मे महिन्यांत, पारा चाळीस अंशांजवळ पोंचला असतां, दुपारीं चारच्या सुमारास त्या भिंतीवर हात ठेवून पाहावा. आजोबांच्या उशाशीं आपण तापलेला तवाच उभा केला आहे, असें वाटल्यावांचून राहत नाहीं.

घर बांधणारा गॅरेजला घराचाच भाग समजतो, आणि मधली भिंत ‘आंतली’ धरून साडेचार इंची, म्हणजे अर्ध्या विटेची, घालतो. वस्तुतः लोखंडी शटर आणि पत्र्याचें छप्पर असलेलें गॅरेज अंगणांतल्या सावलीपेक्षांही अधिक तापतें. त्यांत नुकतीच बाहेरून आलेली मोटार आपली ऊब सोडीत उभी! उलट जानेवारींत कित्येक रात्रीं पारा दहा अंशांखालीं उतरतो, तेव्हां तीच भिंत गारठून जाते. ही भिंत बाहेरची मानावी, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

जुन्या नाशकांतील वाड्यांच्या दोन-दोन फूट जाडीच्या भिंती दुपारचें ऊन पिऊन घेत, आणि तें आंत पोंचेपर्यंत रात्र होई. तेवढी जागा आज कोण देणार? सुदैवानें उष्णतेस अडविण्यास जाडीच लागते असें नाहीं. कोंडलेली, स्थिर हवाही तें काम करते. दगड वितळवून काढलेल्या तंतूंची लोकर, म्हणजे बाजारांतलें ‘रॉकवूल’, अशीच हवा आपल्यांत धरून ठेवतें. त्याचा दोन इंची थर या कामीं सुमारें तीन फूट विटकामाच्या तोडीचा आहे.

तथापि हें अस्तर लावण्याची घाई नको. त्याआधीं फटी बुजविल्या पाहिजेत, आणि आमच्या मतें उन्हाहूनही हें काम अधिक निकडीचें आहे. मोटारीच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड या वायूस रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिनशीं तो प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पट बळानें जखडतो. निजलेल्या माणसास त्याची चाहूलही लागत नाहीं. विजेच्या तारा आणि नळ यांसाठीं पाडलेलीं भोंकें, तुळईखालची भेग, मधल्या दाराचा उंबरठा, सारें नीट तपासावें. पेट्रोलची वाफ हवेपेक्षां जड असल्यामुळें ती जमिनीलगत पसरते. म्हणून दाराखालची फट विशेष वाईट. गॅरेजकडे उघडणारा झरोका असल्यास तो विटांनीं बंद करून खोलीस दुसरीकडून वारा द्यावा. आणि शटर ओढलेलें असतां इंजिन कधींही सुरू करूं नये; उघडें असलें तरी मोटार सुरू होतांच बाहेर काढावी.

भिंतीस ओल असेल तर ती आधीं दूर करावी. अस्तराआड ती झांकली जाईल, जाणार नाहीं. यास्तव हें काम पावसाळ्यांत न करतां दिवाळीनंतर, भिंत वाळल्यावर करावें. अस्तर गॅरेजच्याच बाजूनें लावावें. त्यामुळें खोली अरुंद होत नाहीं, देवाचा फोटो व कपड्यांची खुंटी जागच्या जागीं राहते, आणि रात्रीं खिडक्या उघडून गार केलेली वीट दुसऱ्या दिवशीं खोलीच्या उपयोगीं पडते.

थर्मोकोल स्वस्त खरा, परंतु तो पेट घेतो व त्याचा धूर विषारी असतो. पेट्रोलच्या शेजारीं तो उघडा ठेवणें आम्हांस मुळींच पसंत नाहीं. रॉकवूल जळत नाहीं. त्यावर सिमेंटचे तक्ते ठोकून घ्यावेत. तें कापतांना तंतू उडतात, तेव्हां नाकातोंडावर मास्क व अंगांत पूर्ण बाह्यांचा सदरा असावा. दिवाणखान्याच्या छतावर जेवढा खर्च हौसेनें होतो, त्याच्या अल्पांशांत हें काम होण्यासारखें आहे.

शटर पश्चिमाभिमुख असल्यास त्यास बाहेरून पांढरा रंग द्यावा. तेवढ्यानेंही तें कमी तापतें. हें काम मात्र सुताराची वाट न पाहतां घरांतील कॉलेजकुमारांनीं एका रविवारीं सकाळीं उरकावें.