भुताची फिर्याद कोण नोंदवणार?

मी कोरियन भयपट आवडीने पाहते असे म्हटले की चळवळीतल्या मैत्रिणी नाक मुरडतात. ‘बाईच्या किंकाळ्या आणि रक्त, त्यात बघायचे काय?’ त्यांचा आक्षेप बहुतेक भयपटांना लागू पडतो, काही कोरियन चित्रपटांनाही. तरी तिथले चार चित्रपट आपल्या गटांनी एकत्र बसून पाहावेत असे मला आग्रहाने म्हणायचे आहे. बाईचे म्हणणे कुणी ऐकून घेतले नाही की काय होते, हे त्यांत फार स्पष्ट दिसते.

जांगह्वा आणि होंगर्योन या दोन बहिणींची कोरियात जुनी लोककथा आहे. सावत्र आई सोललेला उंदीर थोरलीच्या अंथरुणात ठेवते आणि हिने गर्भ पाडला असा आळ घेते. थोरलीला तळ्यात बुडवून मारतात, धाकटी तिच्यामागे जीव देते. मग दोघींची भुते गावच्या न्यायाधिकाऱ्यापुढे येऊन उभी राहतात. एकामागून एक अधिकारी नुसत्या भीतीने मरतात. अखेर एक धीराचा अधिकारी येतो आणि त्यांना त्यांचे म्हणणे विचारतो. चौकशी होते, भुते शांत होतात. म्हणजे ही भुते मुळात फिर्यादी! पण कथेत सगळे खापर सावत्र आईवर फुटते आणि तिच्यावर विश्वास ठेवणारा बाप सुटतो. याच कथेवरून किम जी-वून यांनी २००३ साली ‘अ टेल ऑफ टू सिस्टर्स’ काढला. त्यातल्या बापाच्या गप्प राहण्याकडे नीट लक्ष द्या.

‘व्हिस्परिंग कॉरिडॉर्स’ (१९९८) मुलींच्या शाळेत घडतो. शिक्षक मुलींना मारतात, लगट करतात, मार्कांवरून एकीला दुसरीविरुद्ध उभे करतात. मेलेली एक विद्यार्थिनी वर्षानुवर्षे त्याच वर्गात बसते आणि कुणाच्या ते ध्यानातही येत नाही. मुलींच्या चेहऱ्याकडे पाहायला कुणाला सवड असते?

बोंग जून-हो यांच्या ‘मेमरीज ऑफ मर्डर’ (२००३) मध्ये भूत नाही. ह्वासोंग भागात १९८६ ते १९९१ दरम्यान दहा स्त्रिया व मुलींचे खून झाले, त्यावर तो आधारित आहे. तो काळ हुकूमशाहीच्या अखेरीचा. खुनाची भीती असलेल्या रात्री जादा कुमक मागितली, तर सारे शिपाई निदर्शने मोडायला गेलेले! पोलीस संशयितांना बदडून कबुलीजबाब घेतात, पुरावे रचतात. ठाण्यातल्या एकुलत्या एक महिला पोलिसाने कॉफी आणून द्यायची. पण खुनाच्या रात्री रेडिओवर एकच गाणे लागते हे तिच्याच लक्षात येते, आणि हल्ल्यातून वाचलेली बाई तोंड उघडते तीही तिच्यापाशीच.

पुढची हकीकत पडद्याबाहेरची आहे. २०१९ मध्ये डीएनए तपासणीतून खुनी सापडला. १९९४ साली बायकोच्या बहिणीवर बलात्कार करून तिचा खून केल्याबद्दल तो आधीच जन्मठेप भोगत होता. ह्वासोंगच्या खुनांची मुदत मात्र २००६ मध्येच संपलेली, त्यामुळे त्यांबद्दल खटला उभा राहिला नाही. त्यांतल्या एका खुनासाठी भलत्याच माणसाने सुमारे वीस वर्षे तुरुंगात काढली. तो २०२० मध्ये निर्दोष सुटला. ‘कुणालाही पकडा, फासावर द्या’ अशी मागणी आपल्या मोर्च्यांतूनही उठते, तेव्हा हे आठवावे. मारझोडीने मिळवलेल्या कबुलीने एका निरपराध्याचा बळी जातो आणि खरा गुन्हेगार मोकळा राहतो. बाईला न्याय मिळतच नाही.

चौथा चित्रपट जांग चोल-सू यांचा ‘बिडेव्हिल्ड’ (२०१०). बेटावर राहणाऱ्या बोक-नामला नवरा मारतो, दीर अत्याचार करतो आणि बेटावरच्या म्हाताऱ्या बायका पुरुषांचीच बाजू घेतात. सोलमध्ये बँकेत नोकरी करणाऱ्या बालमैत्रिणीला, हे-वॉनला, तिने पत्रांमागून पत्रे लिहिलेली असतात. ती फोडलेलीही नसतात. हे-वॉन बेटावर येते, बोक-नामच्या मुलीचा जीव जाताना पाहते आणि पोलिसांना सांगते, ‘मी झोपले होते.’ त्यानंतर बोक-नाम विळा उचलते.

प्रेक्षक विळ्यावर टाळ्या वाजवतात, ते मला पटत नाही. विळ्याने बोक-नामची मुलगी परत येत नाही, तिची स्वतःचीही सुटका होत नाही. आपण बोलायचे ते हे-वॉनबद्दल. ती शिकलेली आहे, कमावती आहे, आपल्यासारखी आहे. तिला सगळे दिसते, पण ती साक्ष देत नाही.

चित्रपट दाखवण्याआधी त्यात काय आहे ते बायकांना सांगावे. ज्यांनी घरी मार सोसला आहे त्यांना मध्येच उठून जाता यावे. नंतर दिवे लावून एकच प्रश्न विचारावा: आपल्या गल्लीतल्या कुणाची पत्रे आपण न फोडता ठेवली आहेत?