सावलीतला पारा आणि उन्हातला माणूस

हवामान खात्याचा तपमापक सावलीत असतो, ही गोष्ट आपण सहसा विसरतो. झडपांच्या भिंतींची एक पांढरी पेटी जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर उभी केलेली असते. तीत वारा खेळतो, ऊन शिरत नाही. त्या पेटीतील पारा ४५ अंशांवर गेला म्हणजे दुसऱ्या दिवशी आम्ही वर्तमानपत्रवाले 'नागपूर तापले' असा मथळा देतो आणि वाचक तो कूलरसमोर बसून वाचतात. त्याच वेळी पेटीबाहेर, डांबराच्या कढईपाशी उभ्या असलेल्या मजुराने किती उष्णता सोसली, ह्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. ३० मे २०२४ रोजी नागपुरातील एका स्वयंचलित यंत्राने ५६ अंश दाखविले, तेव्हा शहरभर त्याचीच चर्चा झाली. यंत्र बिघडले होते, असा खुलासा हवामान खात्याने केला आणि सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. यंत्र चुकले म्हणून त्या दिवशी फावडे मारणाऱ्यांचे ऊन काही कमी झाले नव्हते.

ह्या शहराला उन्हाची ओळख करून देण्याचे कारण नाही. २३ मे २०१३ रोजी येथे ४७.९ अंश तपमान नोंदले गेले. नवतपा म्हणजे काय हे येथील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. किंबहुना नागपूरइतकी उन्हाची दखल महाराष्ट्रातील दुसऱ्या कोणत्या शहराने घेतली असेल, असे आम्हांस वाटत नाही. नागपूर मध्य प्रांताची राजधानी होते तेव्हा उन्हाळा आला की सरकार पचमढीस जाऊन राहत असे. आजही विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रातील शाळांहून उशिरा उघडतात. कारण जूनच्या मध्यावरही येथील ऊन मुलांना सोसवणारे नसते, हे शासनास मान्य आहे. न्यायालयांना उन्हाळ्याची सुटी असते. अलीकडच्या उन्हाळ्यांत दुपारच्या वेळी काही चौकांतील सिग्नल बंद ठेवण्यात आले. वाहनचालकांस लाल दिव्याखाली उन्हात तिष्ठावे लागू नये, हा त्यामागील हेतू. ह्यांपैकी कशासही आमचा आक्षेप नाही. हे सारे शहाणपणाचेच आहे. प्रश्न एवढाच की, ज्या चौकात वाहनचालकाचे एक मिनिट आपणांस असह्य वाटले, त्याच चौकात नळाच्या वाहिनीसाठी चर खणणाऱ्याचे आठ तास आपणांस दिसले कसे नाहीत?

ह्या दुर्लक्षाचे स्वरूप किती विचित्र आहे हे दोन उदाहरणांवरून कळेल. रेल्वेचे लांब सांधलेले रूळ उन्हाने ताणले जातात आणि प्रसंगी वाकतात. म्हणून रुळाचे तपमान वेळोवेळी मोजले जाते आणि ते रुळासाठी ठरवून दिलेल्या तपमानाहून वीस अंशांपेक्षा अधिक चढले की त्या भागात खास उन्हाळी गस्त सुरू करावी, असा रेल्वेचा लेखी नियम आहे. नियम योग्य आहे. हजारो प्रवाशांचे प्राण त्यावर अवलंबून असतात. परंतु ही गस्त घालतो तो ट्रॅकमन, ज्याला आपण अजूनही गँगमनच म्हणतो, नेमका दिवसाच्या सर्वांत तापलेल्या प्रहरी खडीवरून चालत असतो. दुसरे उदाहरण काँक्रीटचे. भारतीय मानक संस्थेने १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या मानकानुसार हवेचे तपमान ४० अंशांपलीकडे गेले म्हणजे काँक्रीटचे काम 'उष्ण हवामानातील काम' ठरते आणि खडी सावलीत ठेवणे, पाणी गार करून वापरणे, शक्य तर काम संध्याकाळी करणे, अशी पथ्ये पाळावी लागतात. लोखंडाला अंश ठरवून दिला आहे, सिमेंटला अंश ठरवून दिला आहे. उघड्यावर काम करणाऱ्या माणसाला मात्र, अमुक तपमानाच्या वर काम थांबलेच पाहिजे असा आकडा आपल्या कायद्याने अद्याप दिलेला नाही.

माणसाचे शरीर लोखंडापेक्षा फारच नाजूक आहे. आतले तपमान ३७ अंशांच्या आसपास राखणे हा त्याचा रात्रंदिवसाचा खटाटोप. घाम हे त्याचे मुख्य साधन. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता आपल्याबरोबर नेतो. विदर्भाच्या कोरड्या झळांत तो इतक्या झपाट्याने वाळतो की, आपल्याला घाम येत आहे हेच कामगाराला कळत नाही आणि शरीरातील पाणी नकळत आटत जाते. मुंबई-कोकणात उलट प्रकार; तेथे दमट हवेत घाम गळतो पण वाळत नाही, त्यामुळे पारा कमी असूनही शरीर आतून तापते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या समारंभात जे घडले ते हेच. पारा ४० अंशांच्याही खाली होता आणि तरी १४ माणसे दगावली. ती तर केवळ बसून होती! शरीराच्या आतील तपमान ४० अंशांपलीकडे गेले, बोलणे असंबद्ध होऊ लागले, की उष्माघात झाला असे समजावे; तेथून पुढे मिनिटांचा हिशेब असतो आणि अंगावर पाणी ओतून वारा घालणे हा दवाखान्याच्या वाटेवरचा नव्हे, तर जागच्या जागी करावयाचा उपचार असतो. किती मुकादमांना हे ठाऊक आहे?

खारघरनंतर दुपारी बारा ते पाच ह्या वेळेत उघड्यावर कार्यक्रम घेऊ नयेत, असे राज्य शासनाने जाहीर केले. श्रोत्यांची सोय झाली. मांडव घालणाऱ्यांविषयी कोणी काही बोलल्याचे आम्हांस आठवत नाही.

येथे कोणी म्हणेल की, आपला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या उन्हात राबत आला. आजच हा गहिवर कशासाठी? ह्या आक्षेपात अर्धे सत्य आहे आणि ते अर्धेच असल्यामुळे फसवे आहे. शेतकरी उन्हाळ्यात तांबडे फुटताच शेतावर जातो आणि ऊन चढले की झाडाखाली येतो. गडचिरोली-गोंदियाच्या जंगलांत मे महिन्यात तेंदूपाने तोडणारी कुटुंबे पहाटेच निघतात आणि दुपार होण्यापूर्वी पुडके घेऊन परततात. त्यांना कोणा तज्ज्ञाने हे शिकविलेले नाही. कामाची वेळ ज्याच्या हाती असते तो ऊन टाळतो. ठिय्यावर सकाळी नऊ वाजता कोणीतरी उचलून नेण्याची वाट पाहणारा मजूर ते टाळू शकत नाही, कारण त्याचा दिवस सुरू होतो तोच मुळी दुसऱ्याच्या मर्जीने. शिवाय नालेसफाई, रस्त्यांचे डांबरीकरण, वाहिन्यांची खोदाई ही सारी कामे 'पावसाळ्यापूर्वी' उरकावयाची असतात. वर्षभर फायलीत पडून राहिलेल्या कामाची सारी घाई एप्रिल-मेच्या उन्हात मजुराच्या पाठीवर लादली जाते. आणि दुपारी दोन वाजता घरपोच आइस्क्रीम मागविणारे आपण तरी त्या घाईतून मोकळे आहोत काय? ते आणणाऱ्या तरुणाची मजुरी फेऱ्यांवर असते. तो सावलीत थांबला तर त्याचेच नुकसान होते.

सरकार काही करीत नाही असे नाही. दर उन्हाळ्यात दिल्लीहून पत्रे येतात, राज्याकडून परिपत्रके निघतात, कामाच्या वेळा बदलाव्यात, पाणी ठेवावे, असे सांगितले जाते. अहमदाबादने २०१३ साली उष्णता कृती आराखडा तयार केला. नागपूरनेही २०१६ पासून तोच मार्ग धरला. परंतु सल्ल्याने कंत्राटदार बांधला जात नाही. मे २०२४ च्या अखेरच्या आठवड्यात अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी १४४ कलम लागू करून कामगारांसाठी पिण्याचे पाणी, पंखे व प्रथमोपचार ह्यांची व्यवस्था मालकांवर बंधनकारक केली, तेव्हा इच्छा असेल तर आदेशही निघू शकतो हे दिसले. पण तो काही दिवसांपुरता होता. केरळमध्ये मजूर खाते दर उन्हाळ्यात उघड्यावरील कामास दुपारी बारा ते तीन सुटी देण्याचा हुकूम काढते. ज्या आखाती देशांच्या कामगार-धोरणाला आपण नावे ठेवतो, त्यांपैकी कतारने २०२१ पासून १ जून ते १५ सप्टेंबर ह्या काळात सकाळी दहा ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम करण्यास मनाई केली आहे. आपल्याकडे २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगारांच्या सुरक्षिततेविषयीच्या संहितेत कामाच्या जागी तपमान व पिण्याचे पाणी ह्यांबाबत नियम करण्याचा अधिकार शासनास दिलेला आहे. अधिकार असणे आणि नियम असणे ह्यांत जे अंतर आहे, त्यात उन्हाळे निघून जातात.

तथापि नुसती दुपारची सुटी जाहीर केल्याने प्रश्न सुटेल, असे आम्ही मानीत नाही. खरी मेख मजुरीत आहे. रोजंदारीवरील माणसाला दुपारी घरी पाठविणे म्हणजे त्याला दंड करणे होय. अर्धी मजुरी कापून मिळणारी सावली तो नाकारील आणि त्याला कोणी मूर्ख म्हणू नये. कामाच्या वेळेचे दोन तुकडे करावेत, सकाळी सहा ते अकरा आणि सायंकाळी साडेचार ते साडेसात, म्हणजे आठ तास भरतात, असे सुचविले जाते. कागदावर ते ठीक दिसते. पण हिंगण्याहून किंवा कामठीहून आलेला मजूर मधले साडेपाच तास कोठे काढणार? उड्डाणपुलाखाली? त्याचा दिवस साडेतेरा तासांचा होईल आणि दुपारची झळ काही चुकणार नाही. आमच्या मते एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत पहाटे सहा ते दुपारी बारा हे सहा तास पूर्ण दिवस धरले जावेत आणि त्यांची मजुरी पूर्ण दिवसाची असावी. ही कल्पना आम्ही हवेतून काढलेली नाही. आंध्र प्रदेश व तेलंगणात रोजगार हमीच्या कामांवर मजुरी ठरविताना उन्हाळी सवलत दिली जात असे. एप्रिल-मेमध्ये ती तीस टक्क्यांपर्यंत होती. तापलेल्या जमिनीत कमी खणले तरी मजुरी तितकीच, एवढाच त्याचा अर्थ. गुजरातेत 'सेवा' ह्या स्त्रियांच्या संघटनेने २०२३ पासून असा विमा आणला की, पारा ठरावीक मर्यादेपलीकडे गेला म्हणजे बुडालेल्या कमाईपोटी थोडी रक्कम सभासदांच्या खात्यात पडते. रक्कम लहान असते. पण उन्हाची किंमत रुपयांत मोजता येते हे त्यांनी दाखवून दिले.

स्त्रियांचा उल्लेख आला आहे तर एक गोष्ट स्पष्टपणे लिहिली पाहिजे, जी आमच्या पानांवर सहसा लिहिली जात नाही. बांधकामावर पाण्याचा माठ असतो, तरी तेथील बाई पाणी पीत नाही. ती पीत नाही कारण जावयास जागा नसते. सकाळी घरून निघताना ती तांब्याभर पाणीही टाळते आणि टोपले डोक्यावर घेऊन दुपारपर्यंत तशीच राहते. तिच्या दृष्टीने शौचालयाची भिंत ही उष्माघाताविरुद्धची पहिली तरतूद आहे. 'भरपूर पाणी प्या' असे फलक लावणाऱ्या अधिकाऱ्यांनी एकदा कामाच्या जागी उभे राहून हा फलक कोण वाचतो आणि कोण मान फिरवितो हे पाहावे.

नव्या माणसाची गोष्टही अशीच दुर्लक्षित आहे. उन्हाची सवय होण्यास शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. अमेरिकेतील अनुभव असा की, उघड्यावर काम करताना उष्णतेने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक मृत्यू कामाच्या पहिल्या काही दिवसांत होतात. म्हणून नव्या माणसाला पहिल्या दिवशी नेहमीच्या उन्हातील कामाचा पाचवा हिस्सा द्यावा आणि मग रोज वाढवीत जावे, असे तेथे सांगतात. आपल्याकडे दूरच्या प्रांतातून रेल्वेने आलेला मुलगा उतरल्या दिवशीच पूर्ण पाळी करतो. तो पडला तर पंचनाम्यात 'अकस्मात मृत्यू' असे लिहिले जाते. मे २०१० मध्ये अहमदाबादेत नेहमीच्या मे महिन्यांपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले, हे नंतर स्मशानापर्यंतचा हिशेब जुळविल्यावर कळले. त्या दिवसांत उष्माघाताच्या रकान्यात एवढी नावे नव्हती.

ह्याला खर्च येईल, हे उघड आहे. परंतु रस्त्याच्या कामात डांबर, खडी आणि यंत्रे ह्यांच्या बिलापुढे दीड महिन्याच्या रोज दोन तासांच्या मजुरीचा आकडा किती होतो, हे महापालिकेच्या अभियंत्यांनी एकदा मांडून दाखवावे. आम्ही तो आनंदाने छापू. मुंबईहून नियम येण्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. ह्या शहरात उन्हात काम करवून घेणाऱ्यांत महापालिका, सार्वजनिक बांधकाम खाते आणि वीज कंपनी हेच मोठे आहेत आणि त्यांची कामे निविदेने दिली जातात. निविदेत सिमेंटचा दर्जा लिहिलेला असतो, विलंबाचा दंड लिहिलेला असतो. तेथेच आणखी चार ओळी लिहाव्यात: उन्हाळ्यात दुपारी बारानंतर उघड्यावर काम नाही, मजुरी पूर्ण दिवसाची, सावली व पाणी कामापासून हाकेच्या अंतरावर, स्त्रियांसाठी शौचालय, आणि हे न आढळल्यास देयक अडविले जाईल. उन्हाळी कामांची पुढील निविदा निघण्यापूर्वी स्थायी समितीने ह्या चार ओळींवर अर्धा तास खर्च करावा. तिच्या सभागृहात वातानुकूलन आहेच.