परमुलखांतील बिऱ्हाड आणि मुलांची शाळा

लहान मुलांना घेऊन दूर देशीं दीर्घकाळ राहावें कीं नाहीं, हा प्रश्न आमच्या समाजांत दोन प्रकारच्या माणसांना दोन निरनिराळ्या स्वरांत विचारला जातो. कोणी डॉक्टर किंवा इंजिनियर बायकोमुलांसह अमेरिकेस निघाला, म्हणजे त्याचे आप्तेष्ट त्यास हार घालतात, आणि मुलांना चार देश पाहावयास मिळतील, दोन भाषा अधिक येतील, असें म्हणून त्याचें अभिनंदन करतात. परंतु दसरा उलटल्यावर शिरूर, पाटोदा, धारूर, वडवणी ह्या आमच्याच तालुक्यांतून एखादें जोडपें तान्ह्या मुलासह ट्रॅक्टरच्या ट्रॉलींत बसून ऊसतोडीस निघालें, म्हणजे तेच शहाणे लोक, ‘ह्यांना मुलांच्या शिक्षणाची किंमतच नाहीं’, एवढें बोलून मोकळे होतात. दोघांचेंही कृत्य एकच : पोटासाठीं अगर उत्कर्षासाठीं बिऱ्हाड हलविणें, आणि मुलें आपल्या जवळ ठेवणें. एकाचें तें धाडस आणि दुसऱ्याचें तें अज्ञान, हा न्याय आम्हांस मान्य नाहीं.

मराठी माणसाच्या दूरच्या बिऱ्हाडाचें एक ठळक उदाहरण मेक्सिको देशांत घडलें आहे. वर्ध्याचे डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे विसाव्या शतकाच्या आरंभीं स्वातंत्र्याच्या ध्यासानें स्वदेश सोडून गेले. अमेरिकेंत त्यांनीं शेतकीचें उच्च शिक्षण घेतलें, गदर चळवळींत उडी घेतली, पहिल्या महायुद्धाच्या काळांत ते इराणांत इंग्रजांविरुद्ध लढले, आणि अनेक देश फिरून १९२४ सालीं मेक्सिकोस पोहोंचले. इंग्रज सरकारचा रोष असल्यामुळें घरची वाट त्यांना बंद होती. तेथील चापिंगो ह्या गांवच्या सरकारी शेतकी विद्यालयांत ते प्राध्यापक झाले, आणि मक्याच्या नव्या जाती निपजविण्यांत त्यांनीं नांव मिळविलें. १९३६ सालीं त्यांनीं एका बेल्जियन बाईंशीं विवाह केला. त्यांच्या दोन मुलींचीं नांवें सावित्री आणि माया. दुसरें नांव मोठें चतुराईचें म्हटलें पाहिजे, कारण तें जितकें आमचें आहे तितकेंच तेथील प्राचीन माया लोकांचेंही आहे !

ह्या घराकडे मुलांच्या दृष्टीनें पाहावें. पित्याची भाषा मराठी, मातेची फ्रेंच, आणि अंगणाबाहेर पाऊल टाकतांच स्पॅनिश. पित्याचा देश त्या मुलींनीं पाहिलेला नव्हता. स्वातंत्र्य मिळाल्यावर १९४९ सालीं खानखोजे प्रथम स्वदेशीं आले, आणि १९५५ च्या सुमारास नागपुरास कायमचे राहावयास आले. २२ जानेवारी १९६७ रोजीं तेथेंच त्यांचा देहान्त झाला. परमुलखांत वाढल्यामुळें मुली पित्यास व त्याच्या देशास पारख्या झाल्या काय ? सावित्रीबाईंनींच पुढें २००८ सालीं पित्याचें चरित्र इंग्रजींत प्रसिद्ध केलें, आणि आज आपणांस ह्या पुरुषाविषयीं जें ठाऊक आहे त्यांतील पुष्कळसें त्या चरित्रामुळें ठाऊक आहे. मेक्सिकोही त्यांस विसरला नाहीं. दिएगो रिव्हेरा ह्या थोर चित्रकारानें तेथील शिक्षण खात्याच्या इमारतींत भिंतीवर काढलेल्या ‘आमची भाकरी’ ह्या चित्रांत खानखोजे यांची मुद्रा आहे, आणि २०२२ सालीं चापिंगो येथें त्यांचा पुतळा उभारण्यांत आला.

परंतु आमच्या जिल्ह्यास ह्या कथेंतील सर्वांत जवळचा भाग निराळाच आहे. खानखोजे यांनीं गरीब शेतकऱ्यांसाठीं मोफत शेतीशाळा काढल्या, आणि त्यांपैकीं एकीस एमिलियानो झापाता याचें नांव दिलें. हा झापाता कोण ? मोरेलोस प्रांतांतील शेतकऱ्यांचा पुढारी. सोळाव्या शतकांत स्पॅनिश लोकांनीं ऊस मेक्सिकोंत नेला, आणि पुढें मोरेलोसांत साखरेच्या मोठमोठ्या जमीनदाऱ्या उभ्या राहिल्या. ऊस वाढला तशी खेड्यांची जमीन व पाणी आटत गेलें, आणि ज्यांचीं शेतें गेलीं तेच उसाच्या फडांत मजूर झाले. १९१० च्या क्रांतींत झापाता जमिनीच्या ह्याच मागणीसाठीं उठला, व १९१९ सालीं दग्यानें मारला गेला. आजही गेरेरो प्रांताच्या कोरड्या डोंगराळ मुलखांतून हंगामापुरतीं कुटुंबेंच्या कुटुंबें मोरेलोसच्या फडांत ऊस तोडावयास उतरतात. पुष्कळांच्या घरीं स्पॅनिश बोलत नाहींत, तेथील मूळच्या लोकांच्या भाषा बोलतात. मुलें अर्थात् बरोबर असतात. बालाघाटच्या वाचकास हें वर्णन परकें वाटेल काय ? नांवें तेवढीं बदलावीं.

मेक्सिकोचा आणि आमचा शेजार तसा फार जुना आहे, फक्त आपणांस त्याची जाणीव नाहीं. ज्या मिरचीवांचून आमची भाकरी घशाखालीं उतरत नाहीं ती मूळची तिकडची. मका तिकडचा. दसऱ्यास ज्या झेंडूचें तोरण दारास लागतें तो झेंडूही तिकडचाच. आणि ज्या सीताफळास ‘बीडचें सीताफळ’ म्हणून २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तें झाडही उष्ण अमेरिकेंतून येऊन बालाघाटच्या खडकांत रुजलें. परमुलखांत रुजण्याविषयीं कोणास शंका असेल, तर त्यानें धारूरच्या घाटांत जाऊन पाहावें. असो.

आतां आमच्या घरचें. जिल्ह्याचा बराच भाग पर्जन्यछायेंतला, जमीन हलकी, एक पीक हातीं लागलें तर लागलें. प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याचें गाळप १९५० च्या सुमारास सुरू झालें, आणि मग पश्चिमेकडील बागाइती जिल्ह्यांत एकामागून एक कारखाने उभे राहिले. त्यांना तोडणीस माणसें पाहिजे होतीं, आणि आमच्याकडे माणसांस काम पाहिजे होतें. १९७२ च्या दुष्काळानंतर ही वाट अधिकच मळली. आज दरवर्षीं ऑक्टोबर-नोव्हेंबरांत लाखोंनीं माणसें निघतात व मार्च-एप्रिलांत पट्टा पडला म्हणजे परततात. कोणी सांगली-कोल्हापुराकडे, कोणी सोलापुराकडे, कोणी बेळगांव-बागलकोटाकडे. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती अंगमेहनतीनें फेडावयाची असते. दोघांपैकीं एकानें घरीं राहावयाचें ठरविलें तर कोयता अर्धा होतो, आणि उचल मात्र निम्मी होत नाहीं. ‘आईनें मुलांसाठीं घरीं राहावें’, असा उपदेश करणाऱ्यांनीं हा हिशेब एकदां पाटीवर मांडून पाहावा.

फडाजवळ पाचटाची, ताडपत्रीची कोपी उभी राहते. पहांटेच्या अंधारांत, थंडीनें उसाचीं पानें भिजलेलीं असतां, तोडणी सुरू होते. बाप तोडतो, आई मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. तान्हें मूल बांधावर झोळींत. आणि त्या झोळीची दोरी कोणाच्या हातांत ? दहा-बारा वर्षांच्या बहिणीच्या. आमच्या मतें सगळ्या प्रश्नाची गांठ त्या दोरींत आहे. तान्हें मूल आईपाशीं असावें, ह्याविषयीं दुमत नाहीं. पण त्यास सांभाळण्यासाठीं जी मुलगी नेली जाते, तिची पांचवी बुडते, मग सहावी बुडते, आणि मग ‘आतां शाळेंत जाऊन काय करणार’ ह्या वाक्यानंतर तिच्या लग्नाची बोलणीं सुरू होतात. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत आमच्या जिल्ह्यांतील वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकीं शंभरांत चाळीसांहून अधिक जणींचीं लग्नें अठराच्या आंत झालेलीं आढळलीं. ह्या आंकड्यांतील सगळ्याच मुली फडांतल्या नव्हेत, हें आम्ही जाणतों. परंतु फडाची वाट त्या आंकड्याकडे जाते, हें कोणीही जाणता गांवकरी सांगेल.

तर मग मुलीस मागें ठेवावें, हें सोपें उत्तर. तें तितकें सोपें नाहीं. घरीं थकलेली आजी, गांव अर्धें रिकामें, आणि वयांत येऊं लागलेली मुलगी एकटी. आईच्या जिवास घोर लागतो, आणि तो खोटा नसतो. ह्याच घोरापायीं एक तर तिला बरोबर नेतात, किंवा तिचें लग्न उरकतात. ह्यासाठींच गांवच्या शाळेंत हंगामी वसतिगृहें आहेत. परंतु वसतिगृह गाडी निघण्यापूर्वीं उघडलें तरच त्याचा उपयोग. गाडी दसऱ्यानंतर निघावयाची आणि जेवण दिवाळीनंतर शिजावयाचें, तर मधले दिवस मुलीनें कोठें काढावेत ? आईबाप तिला बरोबर घेऊन जातात, आणि मग वसतिगृहाच्या पटावर नांव असून मूल नाहीं, असा प्रकार होतो. आईबापांनीं शाळा व्यवस्थापन समितींत बसून ही तारीख गौरी-गणपतीच्या सुमारासच ठरवून घ्यावी, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. मुलींच्या मुक्कामाची जबाबदारी कोणावर, तिचें नांवही त्याच बैठकींत लिहून घ्यावें.

ज्यांना मुलें न्यावींच लागतात त्यांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. शिक्षणहक्काचा कायदा २००९ सालीं झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलास एका शाळेंतून दुसऱ्या शाळेंत जाण्याचा हक्क त्यानें दिला आहे. मुख्याध्यापकांनीं दाखला ताबडतोब द्यावयाचा आहे, आणि दाखला आला नाहीं एवढ्यावरून नव्या शाळेस प्रवेश नाकारतां येत नाहीं. बरोबर शिक्षण हमी पत्रक न्यावें, म्हणजे मूल कोठवर शिकलें हें तेथील गुरुजींस कळतें. पूर्वीं कारखान्यांच्या आवारांत साखरशाळा चालत. नव्या कायद्यानंतर मुलांनीं जवळच्या नेहमींच्या शाळेंतच बसावें असें धोरण पडलें, व बहुतेक साखरशाळा मिटल्या. तत्त्व चांगलें आहे. परंतु ‘जवळची’ शाळा फडापासून कित्येकदां दोन-तीन कोसांवर असते, मध्यें हमरस्ता असतो, आणि टोळीचा मुक्काम पंधरा दिवसांनीं हलतो. आमचें मत असें कीं, कायद्यानें मुलास शाळेपर्यंत जाण्याचा हक्क दिला असला, तरी पाऊस-थंडींत सहा वर्षांचें पोर तो हक्क दोन कोस चालून बजावूं शकत नाहीं. जेथें टोळ्या मोठ्या आहेत तेथें कारखान्यानें गाडी द्यावी. ऊस कारखान्यापर्यंत आणावयास जर वाहन मिळतें, तर मूल शाळेपर्यंत न्यावयास तें न मिळण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.

भाषेची भीति मात्र आम्हांस फाजील वाटते. बागलकोटाकडे पांच महिने काढून आलेलीं मुलें बाजारांत कानडी बोलतात व भांडणही कानडींत करतात. खानखोजे यांच्या घरांत एका छपराखालीं तीन भाषा नांदल्या, तशा ह्या मुलांच्या तोंडींही दोन नांदतील. कानडी शाळेंत मराठी मुलाचें लिहिणें-वाचणें मागें पडतें हें खरें. त्यास मराठी पुस्तक बरोबर दिलें पाहिजे. गणितास तर भाषा फारशी आडवी येत नाहीं.

आणि गणिताचा ह्या घरांत फार निकडीचा उपयोग आहे. वजनाच्या चिठ्ठीवर टन किती लिहिले, त्याचे दरानें किती झाले, मुकादमानें खर्चीचे किती धरले, उचलींतून किती वजा झाले, हें ज्या घरांत एकास तरी वाचतां येतें, त्या घराची पुढच्या वर्षाची उचल थोडी तरी हलकी होते. चौथी शिकलेला मुलगा कंदिलाच्या अगर मोबाइलच्या उजेडांत बापाची चिठ्ठी वाचून दाखवूं शकतो. शाळा बुडाली म्हणजे ‘नोकरी बुडाली’ असें आपण म्हणतों. पण त्याआधीं, त्याच रात्रीं, त्याच कोपींत, शेंपन्नास रुपयेही बुडत असतात.

आतां आमच्या विद्यार्थ्यांस दोन शब्द. मार्चअखेरीस कांहीं सोबती परत येतील. त्यांचीं तोंडें उन्हानें रापलेलीं असतील, हातांना पाचटाचे चरे पडलेले असतील, आणि परीक्षा तोंडावर असेल. त्यांना मागच्या बांकावर बसविण्याची चाल आहे. ती टाकून द्यावी. त्यांच्यासाठीं प्रत्येक वर्गांत एक संच वह्या आधींच तयार असावा. नोव्हेंबरापासून मार्चपर्यंत जो जो धडा होईल त्याची सुवाच्य अक्षरांत उतरलेली प्रत, गणितें सोडवून, रीत लिहून. पांच विद्यार्थ्यांनीं विषय वांटून घेतले तर आठवड्यास एक तास पुरे. सुवाच्य अक्षर, हें पुन्हा लिहितों, कारण गेल्या वर्षीं जमा झालेल्या कांहीं वह्या लिहिणारासच वाचतां येत नव्हत्या. वह्या शाळेच्या कपाटांत ठेवाव्या, वर इयत्तेचें नांव घालावें, आणि ज्यास त्या द्यावयाच्या तो गांवीं येतांच, शाळेंत येण्याची वाट न पाहतां, त्याच्या घरीं नेऊन द्याव्या.